मडक्यातून झिरपलेलं पाणी

४ जून

धाकटे,

टेम्पोवाल्याकडे एक खोकं दिलं आहे, तो तुझ्या ऑफिसच्या दारात आणून देईल. आत भुशात बसवलेली दोन मडकी आहेत, आपल्याच फिल्टरची. एकाच्या कडेला मी कोळशाने फुली मारली आहे. ते नवं, गेल्या महिन्यातल्या भट्टीचं. बिनफुलीचं जुनं. दोन्हींतून पाणी गाळून तुझ्या प्रयोगशाळेत तपासून बघशील का? आणि हे तुझ्या दादांना कळता कामा नये.

फोन का नाही केला, असं वाटेल तुला. कारखान्याचा फोन ह्यांच्या खिशात, घरातला सूनबाईच्या उशाशी. दोघांच्या कानावर जायला नको असं काही बोलायचं असेल तर पत्रच बरं.

झालंय असं, की रस्ता खणताना आपल्याकडे पाण्याची मोठी पाइप फोडून ठेवली. गटार तिच्या अंगालाच. आधी नळाला काळं पाणी आलं, मग गढूळ, आता दिसायला बरं असतं पण वास काही जात नाही. लोकांनी फिल्टरसाठी रांग लावली. सकाळी दार उघडायच्या आत गिऱ्हाईक पायरीवर. हे रात्रंदिवस साच्याशी. खांदा गेलाय, उजवा हात वर होत नाही, तरी ऐकत नाहीत.

आपल्या मडक्यातून पाणी कसं येतं तुला माहीत आहे. थेंब थेंब. लोक चेष्टा करतात, "बाई, मुंगीचं दूध काढताय का?" पण ह्या नव्या मडक्यांतून भरभर येतं. लोक खूश, हे खूश. माझ्याच मनात किडा वळवळतो. मातीत कालवायचा लाकडाचा भुसा पूर्वी वखारीतून पिठासारखा यायचा. आता जाडाभरडा येतो, तो चाळायला हवा. चाळू म्हटलं तर हे म्हणतात, "भट्टीत जळूनच जाणार आहे, चाळून काय त्याची आरती करायची?" जळतो, हे खरं. पण जळताना मागे भोक ठेवून जातो. जेवढा कण तेवढं भोक. एवढं तर मला इतक्या वर्षांत कळलंय.

सूनबाईला सहावा लागलाय. तीही हेच पाणी पिते. पोरगा ट्रक घेऊन गेला की पंधरवडाभर तोंड दिसत नाही, तेव्हा तिची जबाबदारी आमच्यावर.

थकले गं. पण ते काही नवं नाही. उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव.

तुझी
वहिनी


२० जून

वहिनी,

खोकं पोचलं. शिपाई ते पोटाशी धरून वर घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, घरून माठ आलाय, आता सगळ्यांना गार पाणी." त्याला काय सांगणार, की ह्यातलं पाणी प्यायलास तर पस्तावशील.

इथे नमुन्यांच्या बाटल्या जिन्यापर्यंत आल्या आहेत. आम्ही तिघी होतो. एक आजारी पडून रजेवर गेली ती गेलीच, दुसरीची बदली. साहेब येता-जाता विचारतात, "झालं का?" मी म्हणते, "होतंय." आमचा दोघांचा संवाद एवढाच. तुझी मडकी मी जेवणाच्या सुट्टीत लावली, डबा तसाच परत नेला.

दोन्हींत एकच घाण पाणी ओतलं. बिनफुलीच्या मडक्याने मान ताठ केली माझी. शंभर जंतू वर घातले तर जेमतेम एखादा खाली उतरला. दादाला सांगता आलं असतं तर तेव्हाच फोन लावला असता. फुलीच्या मडक्यातून मात्र जवळजवळ निम्मे उतरले. पाणी दिसायला दोन्हींचं सारखंच, नितळ. गाळ वरच अडकतो ना, म्हणून फसायला होतं. तुझी शंका खरी निघाली.

आता नीट वाच, कारण हे जास्त महत्त्वाचं आहे. चांगल्या मडक्यालाही न जमणारी एक गोष्ट आहे. जुलाबाचे, हगवणीचे जंतू त्या भोकांत अडकतात. काविळीचा विषाणू त्यांच्या मानाने इतका बारीक, की दाराच्या फटीतून मुंगी जावी तसा जातो. थोडे अडकतात, पण निसटतात तेवढे माणसाला पाडायला पुरेसे. त्याची तपासणी आमच्याकडे होतही नाही, तेव्हा मी जे आकडे दिले त्यात तो धरलेला नाही. गटार मिसळलं असेल तर मडकं चांगलं असो की वाईट, गाळून वर पाणी उकळायचंच. खळखळून उकळी फुटेपर्यंत. सूनबाईला तर उकळल्याशिवाय घोटभरही देऊ नकोस. पोटुशी बाईला ती कावीळ फार वाईट असते.

खालची बादली आणि तोटीही घासत जा. वर गाळायचं आणि खाली हात बुडवायचा, हे घरोघरी चालतं.

दादाला सांग. कसं ते तूच ठरव. मी सांगितलं तर म्हणेल, माझ्या मडक्यांवर शिकली आणि आता मलाच माती शिकवते.

तुझी
धाकटी


९ जुलै

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. शिंपीणबाई तुझं पत्र उशाखाली ठेवून विसरल्या होत्या. पण खरं सांगू, हातात पडल्यावरही आठवडा गेला.

सांगायचं होतं ह्यांना. तोंडही उघडलं. तेवढ्यात दारात एक बाई आली, काखेत पोर. हे तिला म्हणत होते, "बिनधास्त पाजा पोराला. उकळायचं काम नाही, गॅस वाचवा." आणि चेहरा असा फुललेला, धाकटे, की कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. मधे स्टीलचे फिल्टर आले, विजेवरचे आले, तेव्हा लोकांनी ह्यांना मोडीत काढलं होतं. आता कुठे कुणी नाव काढून विचारतंय. मी तशीच आत निघून गेले.

मग मी माझा उपाय काढला. हे सकाळी वखारीत गेले की भट्टीतून निघालेली मडकी पाण्याने भरते आणि बसून बघते. जे भरभर गळेल ते उचलून मागच्या भिंतीवर आपटते. ह्यांना वाटतं भट्टीच तडकवतेय. लाकूड बदललं, आच बदलली, परवा भट्टीची वीटसुद्धा बदलली. कुंभाराच्या घरात कुंभारीणच मडकी फोडते, आणि कुंभार बिचारा आगीला दोष देतो. हसावं की रडावं! भुसाही मी चाळते, दुपारी ते लवंडले की. पण आधी विकली गेली त्यांचं काय? गल्लीभर पसरलेली मडकी मी कुठे फोडत फिरू?

सूनबाईसाठी वेगळं पातेलं ठेवलंय, उकळते रोज. ती काळजी करू नकोस. पोरगी गुणाची आहे. सासऱ्याचं मन फार जपते. परवा ह्यांनी घरच्या फिल्टरचं पाणी स्वतः पेल्यात भरून तिच्या हातात दिलं, "घे, बापाच्या हातचं." तिने माझ्याकडे बघत बघत पिऊन टाकलं. हे गेल्यावर म्हणाली, "आई, एका पेल्याने काय होतंय? नको म्हटलं असतं तर त्यांना कसं वाटलं असतं?"

हे कुठे सांगू नकोस. संधी बघून मीच बोलेन ह्यांच्याशी.

तुझी
वहिनी


२८ जुलै

वहिनी,

थोडक्यात लिहिते. तुमच्या भागातले नळाचे नमुने आमच्याकडे आले, मीच तपासले. पाण्यात गटार आहे, यात आता शंका उरली नाही. अहवालाचा कागद सहीसाठी वरच्या मजल्यावर गेलाय आणि तिथेच बसलाय. साहेब म्हणतात, जाहीर होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मी तुझ्याशी बोलतेय. दवाखान्यांतून काविळीचे रुग्ण येऊ लागले आहेत, असं तिकडची नर्स फोनवर म्हणाली.

एक पेला म्हणजे काही नाही, असं नसतं गं. आणि तो एकच होता का? तू घरात नसताना ती काय पिते, विचारलंस का कधी?

दादाला आता सांगायलाच हवं. तुला जमत नसेल तर मी फोन करते. मग तो तुझ्यावर रागावला तर मला शिव्या दे.

हे रागाने लिहीत नाहीये. रागवायलाही अंगात काही लागतं, ते उरलेलं नाही.

धाकटी


२४ ऑगस्ट

धाकटे,

दादा लिहितोय. खांद्यामुळे अक्षर असं आलंय, लावून वाच.

तुझे फोन आले होते. दोनदा वाजला. दोन्ही वेळा गिऱ्हाईक समोर होतं. मागाहून करतो म्हटलं आणि राहून गेलं.

सूनबाई दवाखान्यात आहे. आधी बारीक ताप. मग अन्नाचा वास नको झाला. पोटुशीचं असतं असं, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एक दिवस उन्हात बसली होती तेव्हा तिचे डोळे बघितले. पिवळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके दिवस काय करत होतात?

बाळ लवकर झालं. मुलगी होती. रडली नाही.

सूनबाई त्यानंतर कुणाला ओळखत नव्हती. पोराला ट्रक वाटेत सोडून यावं लागलं. आज सकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मी बाहेर निघून आलो.

तिथे व्हरांड्यात तुझ्या वहिनीने मला सगळं सांगितलं. खोकं, फुली, तुझी तपासणी, भिंतीवर फोडलेली मडकी. पातेल्यातलं पाणी सूनबाई मी घरी नसतानाच प्यायची. माझ्यासमोर नेहमी फिल्टरचं. तिला वाटायचं, मला बरं वाटेल. तुझी वहिनी बोलत होती आणि अंग चोरून घेत होती, मी ओरडेन म्हणून. नाही ओरडलो.

आता तुला एक विचारतो. इथे मला कुणी खरं सांगणार नाही. पोर माझ्या मडक्याने गेली का? घरात त्याच फुलीच्या घाण्यातलं मडकं होतं. मीच आणून ठेवलं, नवं म्हणून, कौतुकाने. हो की नाही तेवढंच लिही. मला कळेल असं लिही, ऑफिसातलं नको.

भट्टी बंद आहे. पोरगा माझ्याशी बोलत नाही. त्याने बोलावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

दादा


३० ऑगस्ट

दादा,

तीन वेळा लिहायला बसले आणि उठले. हो किंवा नाही, असं याचं उत्तर नाही. म्हणून तुला सगळं वाचावं लागेल.

नाही. पोर तुझ्या मडक्याने गेली नाही. ती गटाराच्या पाण्याने गेली. ज्यांनी पाइप फोडली आणि तशीच उघडी ठेवली, त्यांच्यामुळे. आणि ज्यांनी आमचा कागद सहीविना ठेवला, त्यांच्यामुळेही. तुझ्या घरात फुलीच्या जागी तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं मडकं असतं, तरी ही कावीळ त्यातून उतरलीच असती. मातीने ती थांबत नाही. वहिनीला मी हे जूनमध्येच लिहिलं होतं.

इथे थांबले तर तुला आज झोप लागेल. पण तू खरं विचारलंस, म्हणून पुढचं लिहिते. तू लोकांना "उकळू नका" म्हणायला नको होतंस. दादा, सूनबाई ते पाणी प्यायली ते मडक्यावर विश्वास ठेवून नाही. तिला ठाऊक होतं. ती ते तुझ्यासाठी प्यायली. वहिनी तुला दुखवायला घाबरली. मीही तुला सुरुवातीलाच फोन न करता शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पत्रं लिहीत बसले, पुढे दोन फोन केले आणि थांबले. तुझा चेहरा पडू नये म्हणून आम्ही तिघी गप्प होतो. तू कधी आम्हाला मारलं नाहीस, शिवी दिली नाहीस, आणि तरीही तुला "नको" म्हणणं आमच्यापैकी एकीलाही जमलं नाही. हे कशामुळे, ते तू शांतपणे बघ. आम्हीही बघतो.

भट्टी बंद ठेवल्याने पोर परत येणार नाही. तुझं जुनं मडकं मी स्वतः तपासलंय. जुलाबाचे जंतू ते अडवतं, आणि जुलाबाने दर पावसाळ्यात तुमच्याच गल्लीतली लहान मुलं सुकून जातात. ते काम कमी नाही. पण गेल्या तीन-चार महिन्यांत जी भरभर गळणारी मडकी विकलीस ती परत आण. दारोदार जा. जाशील तिथे सांग, गाळा आणि उकळाही. लाज वाटेल. वाटू दे.

आणि पोराशी तू बोल. तो बोलेल म्हणून थांबू नकोस. बाप तू आहेस.

रजेचा अर्ज टाकलाय. मंजूर होवो न होवो, शनिवारी येते.

धाकटी


११ ऑक्टोबर

धाकटे,

सुखरूप पोचल्याचं कळलं. साहेबांनी मेमो दिला म्हणतेस, तो फ्रेम करून लाव. चेष्टा करतेय. तू आलीस म्हणून आम्ही उभे राहिलो, एवढंच सांगते.

तू होतीस तोवर हे तुझ्या मागे मागे फिरले. तू गेल्यावर वाटलं, आता बसतील घरात. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच हातगाडी बाहेर काढली. एका हाताने ढकलवेना. पोरगा ओट्यावर बसून बघत होता. बघता बघता उठला आणि दुसरी बाजू धरली. त्याआधी ह्यांनी त्याला काय सांगितलं, काय नाही, मला ठाऊक नाही. दोघं मागच्या अंगणात बराच वेळ होते, पोरगा तोंड धुऊन आत आला. अजून फारसं बोलत नाहीत. पण गाडी एकत्र ढकलतात.

सगळे काही मडकी काढून देत नाहीत. निवृत्त शाळामास्तरीण म्हणाल्या, "भरभर गळतं म्हणून तर घेतलं. ते देऊन रडतखडत गळणारं घेऊ? मला काय वेड लागलंय?" ह्यांनी दारात उभं राहून समजावलं. बाईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाईंनी वैतागून मडकं हातात दिलं, "घ्या बाबा, पण तोंड आवरा." न्हाव्याच्या घरी तर म्हातारा काविळीने अजून अंथरुणात. त्याच्या मुलाने मडकं आणलं आणि ह्यांच्या पायाशी रस्त्यावर आपटलं. पोरगा पुढे सरसावला, ह्यांनी त्याचा हात धरला. वाकून खापऱ्या गोळा केल्या, गाडीत टाकल्या, म्हणाले, "म्हाताऱ्याला पाणी उकळून द्या," आणि पुढच्या दाराशी गेले. हे मला पोरग्याने सांगितलं.

पाइपवर नुसती माती लोटून ठेवलीय. तुझा कागद जाहीर झाला म्हणे, पण पाणी तेच.

सूनबाई हिंडते-फिरते. डोळे निवळले, पण जिना चढली की धापा टाकते. दुखणं येतं घोड्यावरून आणि जातं मुंगीच्या पावलांनी, तसं चाललंय. पोरीचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. कधी कधी आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो आणि दोघींना कळतं. गेल्या महिन्याच्या अखेरीला कारखान्यात येऊन बसली आणि चाळणी ओढली. म्हटलं, राहू दे गं. तर म्हणाली, "आई, बसून बसून वेड लागेल मला." हे उठून आले, पलीकडून डाव्या हाताने चाळणीची कड धरली. दोघं चाळत होते. मधेच ती म्हणाली, "बाबा, मी नको म्हणायला हवं होतं."

हे म्हणाले, "मला ऐकता यायला हवं होतं. आता म्हणत जा. कशालाही म्हण."

ती म्हणाली, "मग आता चाळणी सोडा. तुमच्या खांद्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

त्यांनी सोडली. खरंच सोडली, धाकटे.

त्यानंतर भट्टी एकदा लावली, छोटीशी. निम्मी मडकी पाणी भरून बघण्यातच बाद झाली. ती ह्यांनी स्वतः फोडली. काल दुपारी एक जोडपं आलं. इथे नव्याने राहायला आलंय. बाईने मडकं फिरवून फिरवून बघितलं. विचारलं, "हे घेतलं की निर्धास्त ना?"

हे म्हणाले, "नाही. जुलाब थांबतील, कावीळ थांबणार नाही. पाइप नीट होईपर्यंत गाळायचं आणि उकळायचंही."

नवरा म्हणाला, "उकळायचंच असेल तर हे घ्यायचं कशाला?"

"गाळ जातो, आणि उकळायचं एखाद्या दिवशी राहिलं तर निदान जुलाबापासून पोरं वाचतात. पण न उकळता प्यायचं म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मडकं खाली ठेवलं आणि गेले. दिवसातलं ते एकुलतं एक गिऱ्हाईक. मी आतून ऐकत होते. दवाखान्यातून आल्यापासून हे दोन घास गिळून ताटावरून उठतात. मला वाटलं, झालं, आजही तेच.

हे आत आले. हात धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ गं. भूक लागलीये."

वहिनी